दोन घरांची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे, आणि हे सगळं मी तुम्हाला आडवी पडून सांगते आहे. माझा सारा जन्म उभं राहण्यात गेला, तोही कुणाच्या तरी भिंतीला टेकून. तेव्हा आडवं पडणं म्हणजे मला आराम वाटत असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बोलता बोलता मधेच थांबले तर राग मानू नका.

माझा जन्म झाला तेव्हा या गल्लीचं रहिवासी मंडळ नुकतंच स्थापन झालं होतं. मंडळाला एक खोली मिळाली होती, पण खोलीत काहीच नव्हतं. आधी खुर्च्या घ्याव्यात की शिडी, यावर पहिली सभा चांगलीच रंगली. मंडळाचा चिटणीस धंद्याने शिंपी होता. तो म्हणाला, बसायला माणसं घरून सतरंजी आणतील, पण कोपऱ्यावरचा दिवा गेला तर सतरंजीवर उभं राहून हात पोचणार नाही. सगळ्यांना ते पटलं, म्हणून मी जन्माला आले.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सुताराने मला घडवलं. दोन लांब खांब तासून त्याने त्यांना खाचा पाडल्या, खाचांत पायऱ्या बसवल्या आणि प्रत्येक पायरीच्या टोकाला पाचर ठोकली. एक खिळासुद्धा वापरला नाही. शिंपी मात्र रोज गळ्यात टेप अडकवून यायचा आणि माझी मापं घ्यायचा. शेवटी सुतार वैतागून म्हणाला, "अहो, हिला सदरा शिवायचाय का?" माझ्या वाट्याला आलेला तो पहिला विनोद.

मी तयार झाले ती इतकी लांब आणि जड, की एकट्याला उचलेना. तरी नव्याची नवलाई असते. ज्याला त्याला मी हवी असायची आणि नेलेली शिडी परत आणायचं कुणाच्या जिवावर यायचं. शिंपी बिचारा काम टाकून मला शोधत गल्लीभर फिरायचा. एकदा मी त्याला कुणाच्या तरी अंगणात सापडले, आणि माझ्या पायऱ्यांवर त्या घरातली सगळी धुणी वाळत होती. त्या दिवशी शिंप्याचं डोकं फिरलं. पुढच्या सभेत त्याने नियम करून घेतला. शिडी न्यायची तर दोन वेगवेगळ्या घरांतली दोन माणसं हवीत. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली उभं राहून धरायचं, आणि काम झालं की दोघांनी मिळून परत आणायची. नवरा-बायको चालतील का, असं कुणीतरी विचारलं. शिंपी म्हणाला, घरातली माणसं एकमेकांना पाठीशी घालतात, शेजारी घालत नाहीत.

लोकांनी नाकं मुरडली. साधी जाळी झटकायची तर दुसऱ्याच्या दाराशी जायचं म्हणजे काय? पण जायला लागले. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की त्याला पहिल्यांदा शेजारचं दार वाजवावं लागे ते माझ्यासाठी. आणि मित्रांनो, खाली उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही हातांनी मला धरण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. मग तो बोलतो. वरचा माणूस टाकी घासत असतो, दिवा बदलत असतो, आणि खालचा सांगत असतो, की वडिलांचे रिपोर्ट आले, थोरलीने स्वतःच मुलगा पसंत केलाय, कारखान्यात माणसं कमी करणार आहेत. गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळाच्या वार्षिक सभेत सगळ्यांचे आभार मानले जायचे. वीज जोडणाऱ्याचे, चहा करणाऱ्याचे, सतरंज्या झटकणाऱ्यांचे. माझं नाव कधी कुणी घेतलं नाही. दिवा लागला की लोक दिव्याकडे बघतात, शिडीकडे कोण बघतो? त्याचं वाईट वाटायचं, पण कामापुढे ते विसरून जायचे.

या सगळ्यांत दोन माणसं माझी फार जवळची. एक नर्सबाई. सरकारी दवाखान्यात नोकरी करून त्या एकट्याच राहत, आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी इंजेक्शनं टोचली होती, त्यामुळे पोरं त्यांना बघून पळायची. दुसरा त्यांच्या भिंतीला भिंत असलेला ड्रायव्हर. त्याचा स्वतःचा टेम्पो होता. नर्सबाईंच्या छपराला जिना नव्हता. छपरावर पानं साचून पाइपाचं तोंड बुजलं की त्या ड्रायव्हरला हाक मारत. तो चढायचा, त्या धरायच्या आणि खालून सतत सूचना द्यायच्या. पाय नीट ठेव, डावीकडे वाकू नको, चप्पल काढ. तो वरून हसत म्हणायचा, "ताई, मी रोज डोंगरातून गाडी चालवतो हो." त्या म्हणायच्या, "तिथे मी बघायला नसते."

मग एका सभेत सगळं बिनसलं. नर्सबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा असतो, उद्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी आत कशी येणार? बोलणं खरं होतं. पण चारचौघांत झालं. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत राहिला, दुसऱ्या दिवसापासून टेम्पो लांब मैदानाजवळ लावू लागला, आणि नर्सबाईंशी बोलेनासा झाला. त्याचं म्हणणं एवढंच, की भिंतीला भिंत असताना घरी येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे तो सगळ्यांना सांगायचा, त्यांना सोडून.

दोघांनी दुसरी माणसं शोधली असती. शोधावीच लागली असती, नियमच तसा होता. पण शिंपी म्हातारा होऊन मुलाकडे गेला, नवे अध्यक्ष आले आणि मंडळाने घडीची अ‍ॅल्युमिनियमची शिडी घेतली. चकचकीत, हलकी, एका हाताने उचलता येणारी. चार पायांवर ती आपली आपण उभी राहते. अध्यक्षांनी सभेत ती उघडून दाखवली आणि अभिमानाने सांगितलं, की आता धरायला माणूस नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मंडळाच्या खोलीमागे नळाशेजारी नेऊन ठेवलं.

तिथे मी किती ऋतू काढले ते मोजलं नाही. माझ्या पायऱ्यांवर फरशी पुसायची फडकी वाळत घालत. पावसाने एका खालच्या पायरीची पाचर सुटून पडली. पूर्वी सुतार आपणहून बघून जायचा, पण तोही आता नव्हता. हळूहळू सभाही बंद पडल्या. मंडळाचा फोनवर ग्रुप झाला. त्यावर पाणी कधी येणार ते कळतं, कचऱ्याची तक्रार करता येते, वाढदिवसाला फुलांची चित्रं येतात. सगळं घरबसल्या. कुणालाच कुणाच्या दाराशी जायची गरज उरली नाही. माझ्यासारखीला याचं दुःख करायचा अधिकार आहे की नाही कोण जाणे, पण झालं खरं.

नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या छपरावरचा पाइप बुजला, पाणी साचलं, आणि पलंगामागची भिंत ओलीने काळी पडली. त्यांना खोकला धरला. बहिणीचा मुलगा भेटायला आला, त्याने भिंतीला हात लावून बघितला आणि सरळ सांगितलं, "मावशी, पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर ही ओल गेली नसेल, तर घर बंद करायचं आणि माझ्याकडे चलायचं." माणूस वाईट नव्हता, त्याला काळजी होती. पण नर्सबाईंना ते घर सोडायचं नव्हतं. नोकरीच्या एकेका वर्षातून त्यांनी ते उभं केलं होतं.

नर्सबाई अध्यक्षांकडे घडीची शिडी मागायला गेल्या. अध्यक्षांनी ग्रुपवर विचारलं, शिडी कुणाकडे आहे? उत्तरादाखल चार-पाच जणांनी नुसते अंगठे पाठवले. शिडी कुणी नेली ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण नेताना कुणी बरोबरच नव्हतं. अध्यक्षांनी काखा वर केल्या आणि म्हणाले, मागे जुनी पडली आहे बघा, चालत असेल तर घ्या.

अशा रीतीने नर्सबाई माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझ्यावरची फडकी काढून बाजूला ठेवली, मला मिठीत धरून उचलायला गेल्या, आणि मी हललेसुद्धा नाही. त्या तशाच धाप टाकत मला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाला तोच डेटॉलचा वास होता. मला रडू येत असतं तर तेव्हा आलं असतं.

ड्रायव्हर बादली घेऊन नळावर आला होता. त्याने बघितलं. बादली खाली ठेवली, माझं दुसरं टोक खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. नर्सबाई मागचं टोक धरून, पुढचं कुठे वळतं ते बघत चालल्या. दोघांनी मला छपराला लावलं. ड्रायव्हरचे गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. तरी त्याने चप्पल काढली.

खालच्या त्या पायरीची मला धास्ती होती, आणि मला तोंड नाही. पण नर्सबाईंनी मला धरलं आणि त्यांच्या हाताला ती हलल्याचं जाणवलं.

"त्या पायरीवर पाय देऊ नको," त्या म्हणाल्या. "वरच्या दे."

त्याने वरच्या पायरीवर पाय दिला. छपरावर जाऊन हाताने पानांचा गाळ उपसला. मग पाइपात हात घातलेला असतानाच तो म्हणाला, "तेव्हा घरी येऊन सांगितलं असतंत तर?"

"आले होते," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळी जेवायला बसला होतात. जेवणाऱ्या माणसाला काय सांगायचं, म्हणून परत फिरले. दुसऱ्या दिवशी सभा होती."

पाइप मोकळा झाला आणि साचलेलं पाणी धो धो वाहू लागलं. ड्रायव्हर छपराच्या काठावर बसून राहिला. एवढ्याशा गोष्टीपायी आपण किती वर्षं घालवली, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "ताई, हिची पायरी दुरुस्त करून मगच परत ठेवू." म्हणून मी तिथेच भिंतीच्या कडेला राहिले.

रविवारी भाचा आला. भिंत सुकत आली होती. तो खूश झाला, बाहेर येऊन ड्रायव्हरचे आभार मानले. मग त्याने सरळ विचारलं, "काका, मावशी पडली, आजारी पडली, तर तुम्ही आहात ना? तेवढं सांगा, मी हिला नेत नाही."

ड्रायव्हर खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "मी आहे. पण घरात आता मी एकटाच, आणि आठवड्यातले निम्मे दिवस मी फेरीवर असतो."

"मग तेव्हा कोण? समोर कोण राहतं?"

ड्रायव्हरने समोरच्या दाराकडे बघितलं. नर्सबाईंनीही बघितलं. दार हिरव्या रंगाचं होतं, बाहेर चपलांचे दोन जोड होते. आत कोण राहतं, ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्याच्या शेजारचं दार कुणाचं, तेही नाही. ज्या गल्लीत नर्सबाईंना पोरांची वजनं पाठ होती, त्या गल्लीत त्यांना आता एक नाव सांगता येईना. भाच्याने आत जाऊन मावशीची पेटी बाहेर आणली.

नर्सबाई गाडीत बसताना रडल्या नाहीत. ड्रायव्हरने पेटी उचलून आत ठेवली. त्या एवढंच म्हणाल्या, "छपराकडे लक्ष ठेव," आणि तो हो म्हणाला. गाडी सहज निघून गेली, गल्लीच्या तोंडाशी काहीच आडवं नव्हतं.

त्यानंतर त्याने माझ्या पायरीला नवीन पाचर ठोकली. मला परत ठेवायला म्हणून एक टोक उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. तो माझ्याशेजारी ओट्यावर बसून राहिला. मग उठला, रस्ता ओलांडला आणि त्याने ते हिरवं दार वाजवलं. एका तरुण बाईने फटीतून बघून विचारलं, कोण पाहिजे? ड्रायव्हरने शिडीकडे बोट दाखवलं, आणि मग आपलं नाव सांगितलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून तो ते पहिल्यांदाच सांगत होता, आणि ज्यांना या ओळखीचा उपयोग झाला असता त्या नर्सबाई निघून गेल्या होत्या.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणत नाही. माझं वय झालं, आज ना उद्या माझा सरपणाच्या ढिगात नंबर लागेल, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटत नाही. फक्त आज घरी गेलात की समोरच्या दारामागे कोण राहतं ते विचारून या. निमित्त काही नसलं तरी चालेल. कुणी तुम्हाला तसं विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर त्या क्षणी कसं वाटतं, ते मी दोन चांगल्या माणसांच्या तोंडावर बघितलं आहे.