रिकामी होऊन घरी येणारी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकची, दीड लिटरची. साच्यात गरम प्लास्टिकमध्ये हवा फुंकून मला घडवलं, त्यामुळे की काय, सुरुवातीला मी जरा फुगूनच वागायचे. एका शाळकरी मुलीनं मला दुकानातून आणलं, माझ्या पोटावर लाल नेलपॉलिशनं चार रेघा ओढल्या आणि त्यांच्याशेजारी आकडे लिहिले: दहा, बारा, दोन, चार. मग तिनं मला वडिलांच्या हातात दिलं.

"बाबा, जी वेळ होईल त्या रेघेपर्यंत पाणी पोटात गेलं पाहिजे. मागच्या वर्षीचा मुतखडा विसरलात का?"

"विसरतोय कसला! गडाबडा लोळलो होतो," बाबा म्हणाले.

बाबा बांधकामावर क्रेन चालवायचे. वीस मजले उंच, एक खुर्ची मावेल एवढी केबिन आणि चहूकडे काच. पहिल्या दिवशी ते दोन घोट प्यायले, खाली बघितलं आणि थांबले. वर संडास नव्हता. उतरून पुन्हा चढायचं तर पाऊण तास जाणार. क्रेन थांबली की खालची साठ माणसं हात बांधून उभी राहणार, आणि इंजिनियर साहेबांचं तोंड सुटणार. बाबांनी मुकाट्यानं माझं झाकण लावलं.

तेव्हापासून तेच सुरू झालं. दिवसभर जेमतेम घोटभर प्यायचं आणि संध्याकाळी उतरण्याआधी मला केबिनच्या काचेवर उपडी करायचं. वर फडकंही मारायचे. साहेब म्हणायचे, "काच ठेवावी तर यांनी!" घरी लेक मला उलटी करून हलवायची. एक थेंब पडायचा नाही. "शहाणे माझे बाबा," असं म्हणून ती हसायची. मित्रांनो, त्या कौतुकाची मला फार लाज वाटायची. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही.

मग तो दिवस आला. ऊन मी म्हणत होतं. वाऱ्यानं काचेवर धुळीचा थर बसला, म्हणून बाबांनी मला दुपारीच रिकामी केलं. तीनच्या सुमारास त्यांनी लोखंडी सळ्यांचा भारा उचलला. भारा स्लॅबवर आला आणि बाबांच्या पोटरीत गोळा आला. बोटं वाकडी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी दांडा सोडला, तशी क्रेन जागच्या जागी थांबली. भारा मात्र वाऱ्यावर झुलत राहिला. खाली सळ्या बांधणारी सात माणसं होती.

वॉकीटॉकीवर खालचा इशारेवाला ओरडला, "काका, काय झालं? खाली घ्या ना!"

"दिसत नाही रे मला," बाबा कसेबसे म्हणाले. "आधी माणसं हलव."

त्यांनी चाचपडत मला उचललं आणि तोंडाला लावलं. मी कोरडी ठणठणीत! आयुष्यात एकदाच त्यांना माझी खरी गरज पडली, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. त्यांनी मला दोनदा हलवलं. मग मी त्यांच्या हातून निसटले आणि खुर्चीखाली जाऊन पडले.

स्लॅबवरून पडू नयेत म्हणून खालची माणसं कमरेच्या पट्ट्यांनी बांधलेली होती. एकेक कडी सोडवायला वेळ लागत होता. एकाची कडी अडकलीच. इशारेवाला ती उपटत होता आणि वर भारा कुरकुरत होता. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. अखेर कडी निघाली आणि दोघंही धावत सुटले.

दुसऱ्या क्रेनवरच्या ताईंनी वॉकीटॉकीवर हे सगळं ऐकलं होतं; आपल्या क्रेनवरून उतरून पाऊण तासानं त्या आमची शिडी चढून धापा टाकत केबिनमध्ये आल्या. आधी त्यांनी भारा मोकळ्या जागेत उतरवला. मग बाबांच्या तोंडाला आपली मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली लावली. "एकदम नका ढोसू, दादा. घोट घोट घ्या."

बाबांना खाली नेताना ताईंनी मलाही उचलून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाबांना सलाईन लावलं. त्या म्हणाल्या, "सावलीत बसणाऱ्याला दिवसाला दोन-अडीच लिटर पुरतं. तुम्ही उन्हात घाम गाळता, तुम्हाला त्याहून जास्त लागणार. तेही दिवसभर थोडं थोडं. लघवी गडद पिवळी झाली की समजा, पाणी कमी पडतंय."

"पण बाबा तर रोज बाटली संपवतात!" लेक म्हणाली.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "पीत नव्हतो गं. ओतून देत होतो."

मला वाटलं, आता पोरगी भडकणार. पण तिनं खुर्ची बाबांजवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "का, बाबा?"

"वर लघवीला जायला जागा नाही. कुणाला सांगणार?"

ताईंनी आणि इशारेवाल्यानं साहेबांना गाठलं. दर दोन तासांनी बदली माणूस वर येईल, असं ठरल्याशिवाय दोन्ही क्रेन हलल्या नाहीत. साहेब आधी कुरकुरले, मग त्यांनी मान्य केलं. आता मी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा बाबांच्या पोटात रिकामी होते.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण शाळेतून भरलेली बाटली तशीच घरी आणतात. काहीजण ती वाटेत झाडाखाली ओततात. शाळेच्या मुतारीत पाय ठेववत नाही, दाराला कडी नसते, हे मला ठाऊक आहे. पण त्यासाठी तहान मारू नका आणि गप्पही बसू नका. आज घरी गेलात की पाण्याचं खोटं सांगू नका, दाराला कडी नाही हे खरं सांगा.