जास्त हाय, निघून या

मराठीतनं थाई शिकवणारं माणूस जगात कुठं असेल तर असो, मला काही भेटलं नाही. मला भेटला तो यूट्यूबवरचा एक गोरा पोरगा, इंग्रजी येणाऱ्यांना रोजच्या बोलण्यातली थाई शिकवणारा. बिअर गार आहे का, एवढी महाग कशी, तू दिसतेस झकास. माझा नवरा तिकडं नाकात नळी घालून पडलाय आणि हा मला बिअर शिकवतोय. मुडद्या, दुखतंय का हे कसं विचारायचं ते सांग की आधी.

मी बेळगावात एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि राहते बेळगुंदीत, सासरी. सिद्धेश, माझा नवरा, थायलंडात रायोंग म्हणून गाव आहे तिथं गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत सुपरवायझर. दिवाळीत मला घेऊन जायचं म्हणून त्यानं माझा पासपोर्टही काढून ठेवलेला. आणि एक दिवस त्याच्या कंपनीतल्या जोडीदाराचा फोन आला. मोटरसायकलला ट्रकनं उडवलंय, डोक्याला मार आहे, शुद्ध नाही. जोडीदार कामाला दुसऱ्या गावच्या प्लांटवर. त्यानं वॉर्डातल्या नर्सचा नंबर तेवढा मिळवून दिला.

मी तेव्हाच निघत होते. माझे सासरे, बसवंतमामा, म्हणाले, शुद्धीवर येऊ दे, तू एकटी बाई, तिथं तुला ओळखतंय कोण. माणूस वाईट नाही हो. पण घरात त्यांचा शब्द पडला की पडला.

मग मी थाईच्या मागं लागले. नर्सचं नाव नोई. तिला इंग्रजी ‘हॅलो’पुरती. मोबाईलवरचं भाषांतर तिच्या बोलण्याचं असं काही मराठी ओकायचं की त्याला शेंडा ना बुडखा. म्हणून शाळेच्या बसमध्ये कानात वायर घालून घोकायचे. जेप म्हणजे दुखणं. दी खुन् म्हणजे बरं होणं. नक् म्हणजे जड, भारी. आधी थाईचं इंग्रजी, मग इंग्रजीचं मराठी, असा डोक्यात नुसता वरवंटा फिरायचा. रोज दुपारी शाळा सुटली की नोईला फोन लावायचा. ती पहिल्यांदा विचारायची, किन खाओ रू यांग, म्हणजे जेवलीस का. आपल्याकडं वाटेत भेटलेलं माणूस विचारतं तसंच. मला रडू यायचं. मी म्हणायचे, जेवले, आणि खोटं बोलायचे.

त्या दिवशी मात्र तिनं जेवणाचं विचारलंच नाही. म्हणाली, आकान नक्. मा रेओ रेओ. मी दोनदा बोलायला लावलं. शब्द सगळे माझे पाठ होते. अंगणात मामा, आत्या म्हणजे माझी सासू, आणि चुलतसासू चंद्राबाई काकी रताळ्याचे वेल निवडत बसले होते. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी मराठीत सांगितलं, “तब्येत जास्त हाय म्हणती. लवकर निघून या म्हणती.”

आत्यांनी तिथंच अंग टाकलं.

आमच्याकडं हे वाक्य माहीत नाही असं माणूस नाही. गेलेल्या माणसाची खबर आम्ही कधी तोंडावर देत नाही. ऐकणाऱ्याला वाटेत काय झालं तर, म्हणून सांगायचं, जरा जास्त हाय, निघून या. मागच्या वर्षी निपाणीहून मामांच्या मेव्हण्यांबद्दल असाच फोन आलता, तर आम्ही गाडीत बसायच्या आधीच हार घेतला होता. कुणी कुणाला विचारलं नाही, बरोबर जागी जाऊन पोचलो.

मी म्हटलं, “मामा, ती माणसं आपल्यासारखी बोलत नसतील. जास्त हाय म्हणजे नुसतं जास्तच असंल.”

मामा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “बाळ, मेल्याची खबर फोनवर कोण सांगत न्हाय. तिकडं बी माणसंच हाईत.”

मी म्हटलं, परत फोन लावते, सरळ विचारते, जिवंत आहे का मेला. मरण्याला ताय म्हणतात, तो शब्द मला येत होता. तर चंद्राबाई काकीनं माझ्या तोंडावर हात दाबला. नवऱ्याबद्दल असलं तोंडातनं काढतीस काय, जरा बी काही हाय का न्हाय तुला. मी पासपोर्ट काढला, बॅग काढली. मामांनी ती हातातनं घेऊन कपाटावर ठेवली. आता जाऊन काय बघणार हाईस, त्याला हितंच आणू, म्हणाले. आणि खरं सांगते, मी ती परत उतरवलीही नाही. मीही ह्याच मातीतली. इंग्रजी शिकवते म्हणून काय झालं, ते वाक्य माझ्याही कानात तसंच वाजलं.

सांजेपर्यंत अंगण भरलं. काकीनं मला उंबऱ्याशी बसवून मनगट दगडावर आपटलं. हिरवा चुडा होता. आत्या म्हणत होत्या, त्याला घरी तरी येऊ दे, मग करा काय ते. पण दारात आलेल्या बायकांपुढं त्यांचं कोण ऐकतंय? माझा मोबाईल चुलतसासऱ्यांनी, मष्णू आप्पांनी, खिशात घातला. तू कुणाकुणाला सांगत बसणार, मी बघतो, म्हणाले. जोडीदाराचा फोन लागेना, म्हणून सिद्धेशला तिकडं पाठवणाऱ्या एजंटाला मामांनी बॉडीचं विचारलं. तो म्हणाला, तिकडं सणाची सुट्टी आहे, ऑफिसं उघडली की चौकशी करतो. झालं, सगळे वाट बघत बसले. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देत होते, आणि बायका मला घास भरवत होत्या.

मी कोपऱ्यात पडून असायचे. एका सकाळी मष्णू आप्पा कुणाला तरी सांगत होते ते कानावर आलं. कोण परदेशी बाई सारखी फोन करत्या, किर्रकिर्र बोलत्या, कळत काय न्हाय, मी आपला कट करतो.

मी उठले ती सरळ त्यांच्या खिशात हात घातला. सुनेनं सासऱ्याच्या खिशात हात घालायचा नसतो. घातला.

नोईचे फोनावर फोन. आणि आदल्या दिवशीच्या दुपारचा एक व्हॉइस मेसेज. मी तो कानाला लावला. आधी नोईचा आवाज आला, बोला, बोला, असं कुणाला तरी म्हणत होती. मग सिद्धेश बोलला. आवाज खोल गेलेला, पण त्याचाच.

“पूर्णी, निघालीस काय गं? येताना आईला आणू नको, घाबरंल ती.”

मी नोईला फोन लावला. मोबाईल दोन्ही मुठीत धरला. तिनं माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करून सांगितला. शुद्धीवर आला होता. भाताची पेज प्याला. बायको आली का म्हणून दर पाळीच्या नर्सला विचारायचा, खाट दाराकडं तोंड करून फिरवून घेतली होती. मी तुला किती फोन केले, म्हणाली. आज पहाटे वारला. तिनं तो शब्द सरळ उच्चारला, काही आडपडदा ठेवला नाही, आणि रडायला लागली. मला सगळं कळलं. एकाही शब्दाला अडले नाही.

मामा जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. “काय म्हणती गं? बॉडी कवा देत्यात?”

“मामा, त्यो गेला म्हणती.”

“व्हय बाळ. ते म्हाईत हाय की.”

“न्हाय मामा. आत्ता गेला. काल जेवला त्यो. माझी वाट बघत हुता.”

मामांना ते उमजेना. त्यांनी एकदा काकीकडं बघितलं, एकदा माझ्या रिकाम्या मनगटांकडं. मग अगदी हळू विचारलं, “कवा गेला म्हणतीस?”

मी म्हटलं, “आज.”