झाकणाचं रबर

"लायसन्स हातात पडल्याशिवाय मी इथून हलणार नाही," असं सासूबाईंनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. जावई तेव्हा हसत म्हणाला, "राहा की आई, घर तुमचंच आहे." जिभेला हाड नसतं म्हणतात, ते उगाच नाही.

त्यानंतर सासूबाई दोनदा नापास झाल्या.

पहिल्या नापासात जावयाची खिडकीजवळची खुर्ची गेली, दुसऱ्यात टीव्हीचा रिमोट. तिसऱ्यात काय जाईल याचा त्याने अंदाज बांधून पाहिला. घरात बायकोशिवाय नाव घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि बायको तर केव्हाच आईच्या पारड्यात जाऊन बसली होती.

त्यात जावयाचा धंदा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. गाडी एकच, शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असलेली. मास्तरांच्या हाताखालून निघालेले लोक पुढे रस्त्यावर काय दिवे लावायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण परीक्षेत पास व्हायचे. नापास तेवढी सख्खी सासू. गल्लीला बोलायला आणखी काय हवं!

बरं, नापास व्हायची कारणंही जगावेगळी. पहिल्या खेपेला लख्ख ऊन असताना वायपर सुरू झाले आणि काही केल्या थांबेनात. दुसऱ्या खेपेला वळणावर हॉर्न बोंबलू लागला, तो परीक्षक साहेब कानावर हात ठेवून खाली उतरले तरी बोंबलतच होता.

"मी हात लावला नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

"गाडी आपण होऊन वाजत नाही, आई. सरावाला कधी वाजली का? परीक्षेच्या भीतीने तळवा पडतो एखाद्या वेळी."

"तळवा पडतो? माझा? अख्खा जन्म शिलाई मशीनवर काढला मी. लोकांच्या लेकीबाळींचे कपडे शिवले, एक टाका इकडचा तिकडे झाला नाही. आणि माझा तळवा पडतो!"

"आईचा तळवा नाही पडत," बायको आतून म्हणाली. लहानपणी तिने तो भरपूर अनुभवला होता, पण तो नेम धरून बसायचा.

तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी गाडी धुवायला काढली. सासूबाई चहाचा कप घेऊन पायरीवर बसल्या. मास्तरांनी टप धुतला, दारं धुतली, मग बॉनेट उघडून आतही पाइपने पाणी मारायला लागले.

"हे आतलं रोज धुता?"

"छे! सरावाला कोण धुतंय?"

"मग सगळ्यांच्या परीक्षेला?"

"बाकीच्यांना वरवरची आंघोळ पुरते. आतून फक्त तुमच्यासाठी, आई. घरचं माणूस! साहेबांनी बॉनेट उघडलं तर कुठे धूळ दिसायला नको."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"दोन्ही वेळा धुतलं होतं?"

"घासूनपुसून!" मास्तर अभिमानाने म्हणाले, आणि मग हातातला पाइप खाली वळला. पाणी त्यांच्या चपलेवर पडत राहिलं.

बॅटरीच्या शेजारी एक काळा डबा होता. गाडीचे सगळे फ्यूज त्यात. सासूबाईंनी त्याचं झाकण उचललं. आत पाण्याचे थेंब मोत्यासारखे बसले होते. झाकणाच्या कडेने फिरलेलं रबर चपटं होऊन तडकलं होतं, आणि एका कोपऱ्यात तर नव्हतंच.

"बिस्किटांच्या डब्याचं झाकण असं असतं तर माझ्या लेकीने तो डबा दारातसुद्धा ठेवला नसता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही यात वीज ठेवता. जावईबापू, मला नापास कोणी केलं?"

 मास्तर स्पेअर पार्टच्या दुकानाकडे सुटले ते नवं रबर घेऊनच आले.

"जुन्यावरच चिकटवतो. दुप्पट जाड होईल."

"फाटक्या अस्तरावर नवं अस्तर लावतात का? झाकण बसेल तरी? आधी जुनं काढा."

बॅटरीची तार सोडली. सासूबाईंनी केसातली पिन काढून जुनं रबर खाचेतून उकरलं. खाच साफ करायला बारीक ब्रश हवा होता. लेकीने आतून एक टूथब्रश आणून दिला. तो कोणाचा, हे मास्तरांना रंगावरून कळलं. खुर्ची, रिमोट, आता ब्रश. डबा केस वाळवायच्या यंत्राने कोरडा केला, आणि झाकणाच्या आत चिकटवलेला कोणता फ्यूज कशाचा हे दाखवणारा तक्ता सासूबाईंनी पदराने पुसून, वाचून घेतला.

रबर बसवायला मात्र मास्तर पुढे सरसावले. शेवटी गाडी त्यांची होती. त्यांनी रबराचं एक टोक खाचेत दाबलं आणि दुसरं ओढत ओढत निघाले.

"ओढू नका! इलॅस्टिक ताणून शिवलं की मागाहून आखडतं. तसं हे आखडेल आणि जोडाशी फट पडेल. सैल सोडत चला."

"मला कळतं, आई."

"कळतं तर खांदे कशाला वर गेलेत? खांदे सैल, नजर पुढे, घाई करायची नाही."

ही तिन्ही वाक्यं मास्तरांचीच होती. रोज सकाळी सासूबाईंना क्लच सोडायला लावताना ते हेच म्हणायचे. त्यांनी निमूटपणे खांदे खाली घेतले. अर्धं रबर त्यांनी लावलं, अर्धं सासूबाईंनी. मग झाकणात कागदाचा कपटा धरून चारी बाजूंनी ओढून पाहिला, तो कुठेच सुटला नाही. वरून बादलीभर पाणी ओतलं. तार जोडून गाडी सुरू केली. वायपर गप्प, हॉर्न गप्प. शेजारी मात्र गॅलरीत येऊन उभे होते, त्यांची निराशा झाली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मास्तरांचा स्वभाव पट्टा लावून वर दोरी बांधण्याचा. सकाळी निघताना त्यांच्या मनात आलं, हॉर्न नाही म्हणून नापास झालेला माणूस आपण पाहिलेला नाही. हॉर्नमुळे झालेला आपल्या खुर्चीत बसलेला आहे. त्यांनी गुपचूप हॉर्नचा फ्यूज उपटून शर्टाच्या खिशात टाकला.

परीक्षा सुरू झाली. मास्तर फाटकापाशी उभे राहिले. सासूबाईंनी चढ घेतला, वळण घेतलं, गाडी झोकात चालली होती. तेवढ्यात एक गादीवाला हातगाडी उलटी ओढत, पाठ करून, थेट समोर आला.

सासूबाईंनी हॉर्न दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. तरी नाही. त्यांनी ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ गादीवाले! पाठीला डोळे आहेत का?"

गादीवाला जागच्या जागी थिजला. हॉर्नने एवढं काम झालं नसतं.

"बाई, हॉर्नचं काय?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या वेळेपर्यंत फार होता."

"हॉर्नशिवाय मी पास नाही करू शकत."

"मग मिनिटभर थांबा."

सासूबाईंनी गाडी बंद केली, उतरल्या, बॉनेट वर केलं. झाकण उघडलं. आत खडखडीत कोरडं. तक्त्यावर हॉर्न म्हणून दाखवलेली जागा मात्र रिकामी. त्यांनी सावकाश मान वळवून फाटकाकडे पाहिलं. मास्तर तेव्हा 'गाड्या उभ्या करू नयेत' ही पाटी पाठ करत होते.

डब्यातच कोपऱ्यात जादा फ्यूज होते. त्यातला त्याच रंगाचा सासूबाईंनी दाबून बसवला, झाकण टक्क लावलं, पट्टा बांधला, आरशात पाहिलं आणि हॉर्न एकदाच, नेमका वाजवला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"जावयाने. त्यांची शिकवायची पद्धत जरा वेगळी आहे."

पास झाल्यावर सासूबाई फाटकाशी आल्या आणि तळवा पुढे केला. मास्तरांनी खिशातला फ्यूज त्यावर ठेवला.

"भरवसा कोणावर नव्हता? रबरावर, का माझ्यावर?"

"मी लावलेल्या अर्ध्यावर, आई," मास्तर म्हणाले.

सासूबाईंना हसू आवरेना. खुर्ची त्यांनी त्याच क्षणी परत देऊन टाकली. रिमोटचं बोलल्या नाहीत.

लायसन्स आलं तसं सासूबाईंनी बोलल्याप्रमाणे सामान बांधलं. गाडी चालवायला त्या, बाजूला मास्तर, मागे लेक आणि बोचकी. मास्तरांचा उजवा पाय सवयीने ब्रेकवर होता.

"जावईबापू, पाय."

मास्तरांनी पाय मागे घेतला. पुढच्या वळणावर तो पुन्हा सरकला.

"पाय!"

शेवटी त्यांनी चपला काढून सीटवर मांडी घातली. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या पाण्याच्या टँकरने डबक्यातून जाताना अख्ख्या बॉनेटवर पाणी उडवलं. गाडीतले तिघेही श्वास रोखून ऐकत राहिले. वायपर हलले नाहीत. कुठे काही वाजलं नाही.

मग हॉर्न वाजला. लांबलचक, रस्ता दणाणून सोडणारा. मास्तर मांडीसकट उडाले.

"घाबरू नका," सासूबाई म्हणाल्या. "हा मी वाजवला."