शेवटच्या बाकापर्यंत

आई गेल्यावर चार महिन्यांनी तिने शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. खिडकीतल्या कारकुनाने तिचं जन्मसाल दोनदा वाचलं आणि विचारलं, मुलीसाठी अर्ज घेताय का. माझ्यासाठीच, ती म्हणाली. तेही इतक्या हळू, की त्याला कान पुढे करावा लागला.

हळू बोलणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आईचं डोकं एकदा दुखायला लागलं ते चौदा वर्षं दुखतच राहिलं. भांड्याला भांडं लागलं तरी तिच्या कपाळावर आठी यायची. दार आपटलं, तर अख्खी संध्याकाळ वाया. भाऊ लग्नानंतर परगावी गेला. जाताना म्हणाला, "आईला तुझ्याच हाताची सवय आहे." म्हणजे विषय संपला. मग तिने दारांच्या कडांना चिंध्या लावल्या, शिट्टीचा कुकर माळ्यावर टाकला आणि स्वतःचा आवाज कुजबुजीवर आणून ठेवला. आई गेली, पण आवाज काही परत वर आला नाही.

वर्गात बाकीची सगळी वीस-बावीसची. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला 'काकू' करून टाकलं. त्यात वाकडं काही नव्हतं. काकूंचं अक्षर सुरेख, म्हणून परीक्षा जवळ आली की वह्या मागायला यायची. डबे उघडले की मात्र कोंडाळं करून बसायची, आणि त्या कोंडाळ्यात काकूंसाठी जागा करायचं कुणाला सुचायचं नाही. ती खिडकीपाशी बसून जेवायची, एकटी दिसू नये म्हणून पुढ्यात पुस्तक उघडं ठेवून. पान उलटायचंही लक्षात ठेवायची.

मग सराव पाठ सुरू झाले. जवळच्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवायचं, आणि मार्गदर्शक बाई मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून शेरा लिहिणार. तिचा पहिला पाठ पाचवीवर होता: ओलं कापड वाळतं तेव्हा पाणी जातं कुठे. पाच पानी टाचण तिला तोंडपाठ होतं. तिने तोंड उघडलं. पहिल्या बाकाला ऐकू आलं, दुसऱ्याने "काय, काय" केलं, तिसऱ्यापासून मागे जो तो आपल्या उद्योगाला लागला. शेवटी शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून गेले. त्यांना वाटलं, वर्गावर कुणीच नाही.

मार्गदर्शक बाईंनी लिहिलं, पाठ पुन्हा घ्यावा. वही परत देताना त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलांना शिकवत होतात की झोपवत होतात?"

बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत. ती मान खाली घालून हो म्हणाली.

त्या दुपारी घरी येऊन तिने स्वयंपाकघराच्या एका टोकाला रिकामी खुर्ची ठेवली, स्वतः दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "मुलांनो." लगेच तिची नजर सवयीने आतल्या खोलीकडे गेली. तिथे आता गुंडाळलेल्या गादीशिवाय काही नव्हतं. दुसऱ्यांदा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा तो एवढा मोठा निघाला, की तिचीच तिला भीती वाटली. ती मटकन खाली बसली आणि रडली. आईसाठी की स्वतःच्या चौदा वर्षांसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग उठून तोंड धुतलं आणि पुन्हा "मुलांनो"पासून सुरुवात केली. असं आठ दिवस चाललं.

पुन्हा तोच वर्ग, तोच पाठ. या खेपेला तिने दोन रुमाल भिजवून नेले; एक पसरून, एक घडी करून खिडकीत ठेवला. आवाज काही घंटेसारखा नव्हता, पण मुलं बघू लागली. पसरलेला रुमाल आधी वाळला. शेवटच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "बाई, ताप आला की कपाळावर ठेवतात ती ओली पट्टी घडीची असते. मग ती पटकन कशी सुकते?"

हे टाचणात नव्हतं.

"कारण कपाळ तापलेलं असतं," ती म्हणाली. "ऊब मिळाली की पाणी लवकर उडतं. माझ्या आईच्या कपाळावरची पट्टी मी दर दहा मिनिटांनी बदलायचे."

"किती दिवस?"

"चौदा वर्षं."

"आणि आता?"

"आता नाही बदलावी लागत."

ती फळ्याकडे वळली आणि 'बाष्पीभवन' हा शब्द लिहिला. 'ष्प' जरा वाकडा आला. मार्गदर्शक बाईंचा शेरा होता: विषय थोडा सुटला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत. पाठ मान्य.

फाटकापाशी बाकीची मंडळी चहाला निघाली होती. त्यांच्यातली एक बडबडी, जिला सगळे चिमणी म्हणत, रोजच्यासारखंच बोलली, "तुमची घरी वाट बघत असतील ना, काकू?" सहा महिने ती यावर नुसती मान हलवत आली होती.

"घरी कोणी नाही," ती आज म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर."

चिमणी ओशाळली. टपरीवर सगळ्यांनी सरकून तिला बाकावर जागा दिली, दोघांनी एकदमच बिस्किटं पुढे केली. मग गप्पा कुणाच्या तरी साखरपुड्यावर गेल्या, कुणाच्या तरी नव्या फोनवर. त्यांच्या विनोदांवर तिला हसू यायचं, पण एक क्षण उशिरा. चहा संपल्यावर ती सगळी दोघं-तिघं करून एका बाजूला गेली, ही दुसऱ्या.

घरी आल्यावर तिला तो पाठ पहिल्यापासून कुणाला तरी सांगावासा वाटला. भावाला फोन लावला. वहिनीने उचलला, ते आंघोळीला गेलेत म्हणाली, आणि तिचा आवाज बसलेला ऐकून गुळण्या करायला सांगितल्या. काही विशेष होतं का, तिने विचारलं.

"नाही, सहजच," ती म्हणाली.

पुढचा पाठ मंगळवारी होता, भागाकाराचा. तिने चहाचं आधण ठेवलं, टाचणवहीत तारीख घातली आणि पहिला प्रश्न समोरच्या भिंतीला मोठ्याने विचारला.