तुम्हाला उभं करणार नाही

मी पाहुण्यांचं कार्ड बोलतोय, चर्चमध्ये नवा आलेला माणूस भरतो ते. बाकाच्या पाठीला गीतांच्या पुस्तकासाठी खोबण आहे ना, तिथून. आणि आधीच सांगून ठेवतो, गयावया करायला तोंड उघडलेलं नाही मी!

माझा पहिला जन्म मर्व्ह डंक्लीच्या हातून झाला. मर्व्ह आमच्या चर्चचा सेक्रेटरी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यातलं आमचं हे लाकडी चर्च, रविवारी निम्मं रिकामं. मर्व्हने मला चकचकीत कागदावर छापून घेतलं. त्यावर बॉलपेन उमटायचंच नाही! वर प्रश्नांची ही भाऊगर्दी: जन्मतारीख, पत्ता, नोकरी, आधीचं चर्च, ते का सोडलंत. अरे, माणूस प्रार्थनेला आलाय की पोलीस चौकीत?

तेवढ्यावर भागलं असतं तर नशीब. दुसरं गीत संपलं की मर्व्ह मला गोळा करायचा, मोठ्याने नाव पुकारायचा आणि पाहुण्याला उभं करायचा. सगळे वळून बघायचे, टाळ्या वाजवायचे. प्रेमानेच हं! बापजाद्यांपासूनची रीत त्यांची. पाहुणा कानापर्यंत लाल व्हायचा आणि पुन्हा म्हणून दारात पाऊल टाकायचा नाही. मर्व्ह म्हणायचा, "लोकांना हल्ली देवच नकोसा झालाय." मी खोबणीत नुसता चडफडायचो.

मग एका रविवारी लेइमारा आली. समुद्रापलीकडच्या वानुआतू बेटांवरून इथे रताळ्यांच्या शेतावर हंगामी कामाला आलेली. ती बसली नोएलीनच्या शेजारी. नोएलीन आमच्याकडे चहाचं सगळं बघते. नवरा गेल्यापासून तिच्या शेजारची जागा रिकामीच होती. दोघींनी मिळून एकच पुस्तक धरलं. लेइमाराने सूर लावला आणि नोएलीन स्वतःचं गाणं विसरून ऐकतच राहिली.

तेवढ्यात मर्व्ह ओरडला, "लेइमाराबाई, उभ्या राहा बरं! कुठल्या शेतावर असता? परत कधी जाणार?"

टाळ्या पडल्या. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. चहालाही थांबली नाही. पुढच्या रविवारी नोएलीनच्या शेजारी पुन्हा कुणी नव्हतं.

नोएलीनचं डोकंच फिरलं. घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला दुसरा जन्म दिला. साधा खरखरीत कागद, ठसठशीत अक्षरं, सोबत पेन्सिल. सगळ्यात वर लिहिलं, 'तुम्हाला उभं करणार नाही.' खाली विचारलं, 'कोणत्या नावाने हाक मारू? काय हवं: चहा, प्रार्थना, की नुसतं शांत बसणं?' आणि उरलेली जागा मोकळी. बस्स!

चर्चच्या समितीच्या बैठकीत मर्व्ह उसळला. "पत्ता नाही, जन्मतारीख नाही! ही काय थट्टा आहे?"

"मर्व्ह, उभा राहा," नोएलीन म्हणाली.

"आं?"

"उभा राहा की! जन्मतारीख सांग. आज इथे का आलास तेही सांग. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मर्व्ह उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि तो मटकन खाली बसला.

"कसं वाटलं?"

"छापा," मर्व्ह पुटपुटला. "पण पहिल्या ओळीचं अक्षर अजून मोठं करा."

नोएलीन मला आणि डबाभर लॅमिंग्टन केक घेऊन मजुरांच्या खोल्यांवर गेली. लेइमारा दारातच म्हणाली, "नको मावशी, परत उभं करतील." नोएलीनने माझी पहिली ओळ तिच्यापुढे धरली. "करू दे तर खरं! कुणाची हिंमत होते तेच बघते."

रविवारी लेइमारा आली. दुसरं गीत संपलं. सवयीने मर्व्ह अर्धा उठला आणि गुपचूप बसला. लेइमाराने पेन्सिल घेतली, माझ्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहिलं आणि मला नोएलीनच्या हातात दिलं.

'उभी राहीन. पण गायला.'

नोएलीनच्या डोळ्यांना धारा लागल्या. लेइमारा उभी राहिली आणि गायली. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही.

आता माझ्यावर चहाचा डाग पडलाय, कोपरा दुमडलाय. समितीत कुणीकुणी म्हणतं, हे कागद काढा, सगळं मोबाइलवर घ्या. खुशाल घ्या! मला टाका रद्दीत, मी हूं की चूं करणार नाही. पण ती पहिली ओळ गाळलीत, तर गाठ माझ्याशी आहे. पाहुण्याला आधी बसू द्या. उभं कधी राहायचं, ते त्याचं तो ठरवेल.