शेकाची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. पण भिंतीत बसणं काही माझ्या नशिबी नव्हतं. सिंदफणा नदीकाठच्या भट्टीत मी भाजले. छबुबाईंचं घर बांधून झालं आणि मी तेवढी उरले. त्यांनी मला चुलीपाशी ठेवलं. कुणाचं पोट दुखलं, कुणाची कंबर धरली, की मला निखाऱ्यावर तापवायचं, जुन्या लुगड्यात गुंडाळायचं आणि शेक द्यायचा. "हिच्या अंगी गुण हाय," असं सारी आळी म्हणायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

छबुबाईंची लेक सायली दहावीत होती. पाळी आली की ती मला पोटाशी धरून पडून राहायची. उलट्या व्हायच्या, शाळा बुडायची. तुळशीला पाणी घातल्याशिवाय छबुबाई चहासुद्धा घेत नसत. लेकीसाठी त्यांनी मंगळवार धरले. मला तापवताना त्यांचे ओठ देवाच्या नावानं हलत असायचे. दवाखान्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे हायेच. लगीन लावून दे, आपसूक थांबतंय."

"तुमचं थांबलं का, आजी?" सायलीनं अंथरुणातून विचारलं.

"माझी तर पिशवीच काढली की," म्हणत त्या कंबर धरून उठल्या.

पाहुणे बघायला येणार असं ठरलं. सायली दप्तर उशाशी घेऊन पडून राहिली. तिला साडी नेसवून बघताना छबुबाईंना तिच्या पोटावर तपकिरी डागांची जाळी दिसली. ती माझ्या शेकाचीच खूण. त्यांना वाटलं, कातडीचा रोग. त्या दिवशीही सायलीचं पोट दुखतच होतं, म्हणून मला तापवून पिशवीत घातलं आणि दोघी माजलगावला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"पाहुणे यायच्या आधी एवढं बरं करा, बाई."

डॉक्टरीणबाईंनी जाळी नीट पाहिली. "कधीपासून शेकतेस, बाळा?"

"सातवीपासून."

"आणि कुणाला दाखवलं नाही?"

"दुखतंय म्हून कुठं दाखवत्यात?" छबुबाई म्हणाल्या. "डाग पडले म्हून आणलं."

मग तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. छबुबाईंनी रतनबाईंचं बोलणंही सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. लवकर कळलं तर औषधानं बरंच आवरता येतं. लग्न हा त्याचा इलाज नाही. पिशवी काढायची गोष्ट तर बोलूच नका."

"मंग माझे मंगळवार वाया गेले का?"

"नाही. उपास करा. फक्त तिची गोळी चुकू देऊ नका."

पाहुण्यांना नको म्हणून निरोप गेला. तुळशीला पाणी घातलं, की छबुबाई आता सायलीच्या हातावर गोळी ठेवतात. दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण सायली परीक्षेला बसली.

परवा रतनबाई दारात आल्या. "नातीचं पोट दुखतंय. वीट दे जरा."

छबुबाईंनी मला तापवून दिलं आणि त्या म्हणाल्या, "आज शेका. सकाळी पोरीला तयार ठेवा, मी येते संगं."

मित्रांनो, माझ्या उबेनं घटकाभर बरं वाटतं, हे खरं. पण तुमच्या घरात दर महिन्याला कुणी मला मागत असेल, तर मला तापत ठेवून तिच्याजवळ बसा आणि विचारा, कधीपासून दुखतंय?