पूल ते वजनकाटा: गाडीतल्या ओव्हनची कबुली

मी गाडीतला ओव्हन बोलतोय. आवाज बारीक आहे, कारण मला वीजच बेताची मिळते. आणि खरं सांगायचं तर मान वर करून बोलावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. तरी बोलतो. मनात कोंडून ठेवलेलं शिजत नाही, नुसतं आंबतं, हे मी आयुष्यात शिकलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. करड्या रंगाची पेटी, वर झाकण, झाकणाला कडी, आत एक तापणारी पट्टी आणि समोर बारीकसा लाल दिवा. रांगेच्या शेवटी एक बाई बसायच्या. त्या प्रत्येकाचा प्लग लावायच्या, आत तळहात धरायच्या आणि म्हणायच्या, "तापतोय. पण दमानं घ्या याला." मग त्यांनी माझ्या पोटात घडी घातलेला एक कागद ठेवला आणि खोकं बंद केलं. त्या कागदावर माझे गुणदोष छापलेले होते. माणसांना असा कागद जोडून देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

घरातले ओव्हन भिंतीतून वीज ओढतात आणि दहा मिनिटांत लालबुंद होतात. मी गाडीच्या बॅटरीवर जगणारा. पूर्वी सिगारेट पेटवायला जे भोक असायचं, त्यात माझा प्लग खुपसायचा. घरच्या ओव्हनच्या दहाव्या हिश्श्याइतकीही वीज मला लागत नाही, आणि तेवढीच माझी ताकद. डबा गरम करायला एक तास, कच्चं शिजवायला अडीच. आधी बूड तापतं, मग कडा, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच माझी इज्जत गेली.

माझे मालक काचा वाहणारे ड्रायव्हर. दुकानांच्या दर्शनी काचा, माणसाच्या दीडपट उंच, गाडीवर तिरक्या उभ्या करून, मधे जाड लोकरीचा नमदा लावून, पट्ट्यांनी आवळून न्यायच्या. खड्डा दिसला की हे गाडी अशी उतरवायचे की झोपलेलं मूल पाळण्यात ठेवताहेत. बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'गोगलगाय' म्हणायचे. मालकांना राग यायचा नाही. "गोगलगायीची काच फुटलेली कुणी पाहिलीय का?" एवढंच म्हणायचे.

मालकांच्या पोटाची तक्रार सुरू झाली म्हणून त्यांच्या बायकोनं, आमच्या बाईसाहेबांनी, मला आणलं. गाडीत चढवताना त्यांनी बजावलं, "आता बाहेरचं तेलकट काही खायचं नाही. आणि तो कागद वाचा."

"वाचतो," मालक म्हणाले. त्यांच्या दाराची काच खडखडायची. पहिल्याच वळणावर त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली आणि काचेच्या फटीत दाबून बसवली. खडखड थांबली. कागदाचा उपयोग झाला, असं त्यांना मनापासून वाटलं.

पहिले काही दिवस माझी फार टिंगल झाली. वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागायची, तिथे एक टँकरवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा ओव्हन आहे होय? याच्यापेक्षा अंडं काखेत धरा, लवकर उबेल." सगळे हसले. मी लाजेनं आणखीच कोमट झालो. पण मालकांनी मला टाकलं नाही. हळू माणसाला हळू वस्तूची कदर असते.

त्यांनी माझ्याशी एक हिशेब बसवला. घड्याळाचा नव्हे, रस्त्याचा. लोखंडी पूल आला की कच्चं अन्न आत ठेवून प्लग लावायचा. मग चढण, घाटाची सतरा वळणं, उतार आणि वजनकाटा. काचा घेऊन या टप्प्याला अडीच तास तरी लागायचेच. काट्यावर गाडी उभी राहिली की जेवण तयार. "पुलाला लावलं की काट्याला शिजलं," हे त्यांचं ब्रीद होतं. दुसरा नियम असा की मधे झाकण उघडायचं नाही. उघडलं की ऊब जाते आणि मी पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही नियम बरोबर होते. वर्षभर एकदाही चुकलं नाही. पुढे पुढे तोच टँकरवाला ताटली घेऊन यायला लागला.

मालकांना एकच लेक. तिच्या लहानपणाची जेवणं त्यांनी गाडीत बसून फोनवर ऐकली होती. 'काय खाल्लंस?' हा त्यांचा पहिला प्रश्न आणि तोच शेवटचा. लेक शिकली, पाण्याची तपासणी करायचं शास्त्र तिनं घेतलं. शहरातल्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली. तिला मुलाखतीचं बोलावणं आलं, सकाळी दहाचं. जागा एकच होती. दोन वर्षं लेक त्या जागेच्याच मागे होती.

मालकांना त्याच दिवशी त्याच शहरात काचा पोहोचवायच्या होत्या. ते घाबरत घाबरतच म्हणाले, "बसनं कशाला जातेस? चल माझ्याबरोबर. आदल्या दिवशीच पोहोचू." ती हो म्हणाली. त्या आनंदात त्यांनी गाडी दोनदा धुतली. मलाही पुसलं.

लोखंडी पुलाशी त्यांनी कोंबडीचे मोठे तुकडे, बटाटे, लसूण, मीठ आणि मिरपूड असं सगळं ताटलीत नीट लावलं. लेक वाकून बघत होती. "एवढ्याशा पेटीत शिजतं हे?"

"एवढीशी म्हणू नकोस. भले भले याच्या हातचं खाऊन बोटं चाटतात."

हे ऐकून मी फुगलो. तुमच्यापासून काय लपवू, त्या क्षणी मला वाटलं, आज असा स्वयंपाक करतो की या पोरीनं आयुष्यभर नाव काढावं. गर्वाचं घर खाली म्हणतात; माझं तर सीटच्या शेजारीच होतं, फार खाली जायलाही जागा नव्हती.

घाटाच्या पायथ्याशी रस्ता वेगळाच निघाला. त्याच आठवड्यात डोंगरातून बोगदा खुला झाला होता. सतरा वळणं गेली, चढण गेली, उतार गेला. आत दिवे, गुळगुळीत रस्ता, एक खड्डा नाही. मालक हरखले. "बघ, बघ, काचांना धक्कासुद्धा नाही! तुझ्यासाठीच उघडलाय जणू." बापलेक बोगद्यात मोठ्यानं हसली, आवाज घुमतो का ते बघायला.

आणि वजनकाटा आला. पुलापासून सव्वा तासात.

रस्ता निम्मा झाला होता, पण मी तोच होतो. माझं बूड तापलं होतं, कडांना रंग आला होता. लसणाचा असा खमंग वास सुटला होता की केबिन भरून गेली. मध्यभागी अजून नुसती ऊब होती. माझा लाल दिवा जळत होता. तो दिवा फक्त सांगतो की वीज येतेय. शिजलं की नाही, ते त्याला काय ठाऊक? पण मालकांनी दिवा पाहिला, वास घेतला, काटा पाहिला आणि म्हणाले, "तयार."

मला ओरडायचं होतं. पण ज्याला तोंडच नाही तो काय ओरडणार, असं म्हणून मी सुटू पाहतो, तेव्हा माझं मलाच पटत नाही. कारण तो वास मीच दिला होता. शिजवायच्या आधी मिरवलं.

मालकांनी स्वतःच्या ताटात कडेचे खरपूस तुकडे आणि बटाटे घेतले. मधले मोठे, रसाळ तुकडे लेकीला वाढले. आणि स्वतः न जेवता ते तिच्याकडे बघत बसले. तिनं पहिला तुकडा तोडला. जराशी थांबली. मला वाटलं, चटका बसला. मग तिनं घास घेतला.

"कसं झालंय?"

"मस्त झालंय, बाबा."

तिनं सगळं संपवलं. मालकांचे डोळे भरून आले. ते ताटली धुवायच्या निमित्तानं खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता लेक त्या शहरातल्या दवाखान्यात सलाईन लावून पडली होती. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हे सगळं मला केबिनमधल्या फोनवरून कळलं. बाईसाहेब पलीकडून रडत विचारत होत्या, "अहो, पण तिनं खाल्लं काय?"

मालकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांची नजर माझ्यावर होती. मग म्हणाले, "पाणी बाधलं असेल. वाटेत भरलं होतं."

पाण्यावर ढकललं! जिचं उभं शिक्षण पाण्यात गेलं, तिच्या आजाराला पाणी! मला त्यांचा राग आला नाही, कीव आली. आणि त्याहून जास्त माझी स्वतःची शरम वाटली. एका बापाला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं होतं. हाच प्रश्न डॉक्टरांनी विचारला, तिथेही त्यांनी हेच उत्तर दिलं, असं पुढे ऐकलं.

त्यांनी मला तीनदा धुतलं. मग सीटखालच्या पेटीत दोर, जुना नमदा आणि तुटक्या पट्ट्यांच्या खाली मला घालून झाकण लावलं. वर ते पाव नि केळी खायला लागले. टँकरवाल्यानं विचारलं, "गोगलगाय, तुझी चूल कुठाय?" तर म्हणाले, "बिघडला." बिघडलो नव्हतो. पण अंधारात पडल्या पडल्या मला तो शब्द बरोबरच वाटला.

आठ महिने मी तिथे होतो. दोरांना येतो तसा ग्रीसचा वास मलाही यायला लागला. वरून बोलणी ऐकू यायची. लेकीचा फोन आला की मालक हल्ली 'काय खाल्लंस' विचारत नसत. हवापाण्याचं विचारत आणि फोन ठेवून देत.

मग एक दिवस केबिनमध्ये तिचाच आवाज आला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत उद्या मुलाखत होती आणि रस्ता तोच होता.

"अगं, बसनं गेली असतीस," मालक म्हणत होते.

"मला तुमच्याबरोबरच यायचं होतं. ओव्हन कुठाय?"

"बिघडला तो."

"बघू तरी." ती खाली वाकली, पेटी उघडली, दोर बाजूला केले आणि मला बाहेर काढलं. आठ महिन्यांनी उजेड पाहिला आणि पहिला दिसला तिचाच चेहरा. मला पुन्हा नमद्याखाली जावंसं वाटलं. तिनं प्लग लावला. लाल दिवा लागला. मालकांनी मान खाली घातली.

"बाबा, पाणी नव्हतं ते," ती हलकेच म्हणाली. "बाटलीत उरलेलं पाणी मी परत आल्यावर तपासलं होतं. स्वच्छ होतं."

"मला माहीत होतं." मालकांचा आवाज माझ्याहून बारीक झाला. "त्याच दिवशी कळलं होतं. तुझं नुकसान मी केलं, आणि कबूल करायची लाज वाटली. तू तरी बोलायचंस!"

"मी कुठल्या तोंडानं बोलू? मला पहिल्याच घासाला कळलं होतं. मधे गुलाबी होतं."

"मग खाल्लंस कशाला?"

"तुम्ही बघत होतात ना."

चटका बसला म्हणून ती थांबली नव्हती. बापाकडे पाहून थांबली होती. केबिनमध्ये तिघं होतो आणि तिघांनाही वर बघवत नव्हतं. मालकांनी खिशातून रुमाल काढला, तो नाकाला लावला आणि गाडीत धूळ फार झालीय असं काहीतरी पुटपुटले.

लेकीनं दाराच्या फटीतला कागद उपसला. काच लगेच खडखडायला लागली. कागद पिवळा पडला होता, पण तिसरी ओळ शाबूत होती. तिनं मोठ्यानं वाचली: "वेळेवर किंवा वासावर विसंबू नये. मधला भाग कापून पाहावा." मग म्हणाली, "आज फक्त बटाटे लावू. मुलाखत उद्याच आहे."

लोखंडी पुलाशी बटाटे आत गेले. बोगदा पार पडला, काटा आला. मालकांनी झाकण उघडलं, मधल्या बटाट्यात सुरी खुपसली. अडली. दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. पुन्हा अडली. उघडझाप करून माझी सगळी ऊब गेली. इतका हळू मी जन्मात कधी नव्हतो. मागे टँकर येऊन थांबला होता. टँकरवाला खिडकीत डोकं घालून म्हणाला, "काय गोगलगाय, चूल दुरुस्त झाली वाटतं! शिजलं का?"

एरवी मालक म्हणाले असते, तयार आहे, ये. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "मधे कच्चं आहे. आम्ही थांबलोय."

"थांबा की मग," टँकरवाला म्हणाला आणि आपली ताटली घेऊन पायरीवर टेकला.

आता मी पुन्हा सीटच्या शेजारी असतो. मान अजून वर होत नाही. लेकीचं हुकलेलं वर्ष काही मी भरून देऊ शकत नाही. तुमच्या गाडीत माझ्यासारखा कुणी असेल तर एवढंच मागणं आहे: आमच्या दिव्यावर आणि वासावर जाऊ नका, आणि आम्ही खजील होऊ म्हणून गोडही बोलू नका. झाकण उघडा, मधला तुकडा कापा, आणि कच्चा असेल तर तोंडावर सांगा.